संशयाचा फायदा आणि पेरी मेसन

एखाद्या खुनाच्या खटल्याचा निकाल लागतो आणि दुसऱ्या दिवशीं वर्तमानपत्रांत चार ओळी येतात: पुरावा अपुरा पडल्यामुळें आरोपीस संशयाचा फायदा देऊन सोडून देण्यांत आलें. सकाळच्या चहाच्या वेळीं ती बातमी घरांत मोठ्यानें वाचली जाते आणि ऐकणाऱ्यांपैकीं कोणी ना कोणी हटकून विचारतो, "मग खून केला कोणी?" प्रश्न अगदीं स्वाभाविक आहे. परंतु त्याच्या पोटीं एक न्यायनिवाडा दडलेला असतो, याकडे आपलें सहसा लक्ष जात नाहीं. ज्याअर्थीं दुसरा कोणी सांपडला नाहीं, त्याअर्थीं हाच तो असला पाहिजे. वकील हुशार मिळाला म्हणून सुटला, इतकेंच! आपल्या भाषेनेंहि या समजुतीस हातभार लावला आहे. 'फायदा' हा शब्द बाजारांतला. ज्यावर हक्क नव्हता तें पदरांत पडलें, असा त्याचा ध्वनि निघतो. वास्तविक कायद्याच्या दृष्टीनें आरोपीला कोणी कांहीं दिलेलें नसतें. निर्दोषपणा हा आरंभापासूनच त्याचा होता आणि तो हिरावून घेण्याइतकें बळ फिर्यादी पक्षाला दाखवितां आलें नाहीं, एवढाच त्या निकालाचा अर्थ.

या प्रश्नाची संवय आपणांस कोणी लावली? मनुष्याचा स्वभाव हें एक उत्तर झालें. अर्धी राहिलेली गोष्ट कोणालाच झोंप येऊं देत नाहीं. परंतु स्वभावाला वळण लावतात त्या गोष्टीच. आणि न्यायालयाच्या गोष्टी गेल्या सत्तर वर्षांत लोकांनीं ऐकल्या त्या पुष्कळ अंशीं दूरचित्रवाणीच्या पडद्यावर. या गोष्टींना ज्या एका मालिकेनें अत्यंत ठळक आकार दिला ती म्हणजे 'पेरी मेसन' ही अमेरिकन मालिका. ती खरी किती आणि खोटी किती, हा वाद जुना आहे. प्रस्तुत लेखांत त्या मालिकेचा थोडा इतिहास पाहून असें दाखवावयाचें आहे कीं, टीकाकार जेथें बोट ठेवतात तेथें तिचें खरें वैगुण्य नाहीं, आणि जेथें तें आहे तेथें सहसा कोणी पाहत नाहीं.

निरपराध मनुष्य न्यायासनापुढें उभा आणि प्रत्येक पुरावा त्याच्या विरुद्ध, हा प्रसंग नाटककारांना नवा नाहीं. शूद्रकाच्या 'मृच्छकटिका'चा नववा अंक आठवावा. चारुदत्तावर वसंतसेनेच्या खुनाचा आरोप आहे. आरोप करणारा शकार हाच खरा अपराधी आहे. न्यायाधीशाला चारुदत्ताच्या शीलाची खात्री आहे. आणि नेमक्या त्याच वेळीं मैत्रेयाच्या काखेंतून वसंतसेनेचे अलंकार जमिनीवर पडतात! निकाल फिरतो. पुढल्या अंकांत मेलेली समजलेली वसंतसेना स्वतः चालत वधस्थानीं येते, तेव्हां कोठें चारुदत्त वांचतो. गोविंद बल्लाळ देवलांच्या मराठी नाटकानें हा प्रसंग आपल्याकडे घरोघरीं पोंचविला. यांत ध्यानांत घेण्यासारखी गोष्ट अशी कीं, पुरावा लंगडा ठरला म्हणून चारुदत्त सुटत नाहीं; मेलेली व्यक्ति जिवंत निघाली म्हणून सुटतो. संशयानें त्याला सोडविलें नाहीं, खात्रीनें सोडविलें. नाटकाला खात्री लागते, न्यायालयाला संशय पुरतो. हा भेद मनांत ठेवून आतां अमेरिकेकडे वळूं.

पेरी मेसनचा जनक अर्ल स्टॅन्ली गार्डनर (१८८९–१९७०) हा स्वतः वकील होता. कायद्याच्या विद्यालयांत त्याचा पाय फार दिवस टिकला नाहीं. वकिलांच्या कचेऱ्यांत काम करतां करतां त्यानें अभ्यास केला आणि १९११ सालीं कॅलिफोर्नियांत वकिलीची सनद मिळविली. ऑक्सनार्ड या लहानशा गांवीं त्यानें धंदा मांडला, तेव्हां तेथील चिनी वस्तींतले गरीब लोक त्याचे अशील झाले. त्या काळीं चिनी मनुष्याची बाजू घेऊन न्यायालयांत उभें राहणारा गोरा वकील विरळा. पोलिसांना सर्व चिनी चेहरे सारखेच दिसतात हें हेरून, वॉरंट निघालेल्या दुकानदारांची त्यानें एकमेकांत अदलाबदल करून ठेवली आणि पोलिसांनीं भलत्याच माणसांना पकडून आणिलें, अशी हकीकत त्याच्याविषयीं सांगितली जाते. कायद्याच्या चौकटींत राहून सत्ताधाऱ्यांची फजिती करण्याची ही हौस पुढें पेरी मेसनच्या अंगीं उतरली. १९२० नंतरच्या दशकांत स्वस्त मासिकांसाठीं गार्डनरनें शेंकडों गोष्टी लिहिल्या. १९३३ सालीं 'द केस ऑफ द व्हेल्व्हेट क्लॉज' ही मेसनची पहिली कादंबरी निघाली, आणि आयुष्याच्या अखेरीपर्यंत या मालेंत ऐंशींहून अधिक कादंबऱ्या झाल्या.

कीर्ति झाली तसे चित्रपटवालेहि आले. १९३४ ते १९३७ या काळांत वॉर्नर ब्रदर्सनें मेसनचे सहा चित्रपट काढले, पण गार्डनरला ते पसंत पडले नाहींत. त्याचा वकील त्या चित्रपटांत वकील उरलाच नव्हता. १९४३ ते १९५५ पर्यंत मेसन नभोवाणीवर होता, तेथेंहि गार्डनरचें पुरतें समाधान झालें नाहीं. म्हणून दूरचित्रवाणीचा प्रश्न आला तेव्हां त्यानें निर्मितीचीं सूत्रें आपल्या माणसांच्या हातीं राहतील अशी व्यवस्था केली आणि संहितांवर स्वतःची नजर ठेवली. निर्मितीची धुरा गेल पॅट्रिक जॅक्सन या बाईंकडे होती. त्या पूर्वाश्रमींच्या नटी, आणि विशेष म्हणजे तरुणपणीं वकील होण्याची इच्छा धरून शिकलेल्या. २१ सप्टेंबर १९५७ रोजीं सी. बी. एस. वर पहिला भाग दिसला आणि २२ मे १९६६ रोजीं शेवटचा. नऊ वर्षांत २७१ भाग झाले. मेसनची भूमिका रेमंड बर यानें केली आणि प्रतिपक्षाच्या हॅमिल्टन बर्जरची विल्यम टॉलमन यानें. शेवटल्या भागांत न्यायाधीशाच्या आसनावर खुद्द गार्डनरच बसला होता.

आतां या मालिकेंतील कायद्याकडे पाहूं. सामान्य प्रेक्षकाची समजूत अशी कीं, मेसन दर आठवड्यास बारा ज्यूररांपुढें खटला जिंकतो. पण बारकाईनें पाहणाऱ्यास असें आढळतें कीं, बहुतेक भागांत ज्यूरी मुळीं दिसतच नाहीं. तेथें चाललेली असते ती प्राथमिक चौकशी. कॅलिफोर्नियाच्या कायद्याप्रमाणें गंभीर गुन्ह्याचा खटला वरिष्ठ न्यायालयांत चालविण्यास सकृद्दर्शनीं आधार आहे कीं नाहीं, एवढेंच या चौकशींत मॅजिस्ट्रेट ठरवितो. आपल्याकडेहि १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेखालीं खुनाचा खटला सेशन्स न्यायालयाकडे जाण्यापूर्वीं मॅजिस्ट्रेटपुढें अशी चौकशी होत असे. १९७३ च्या संहितेनें ती रद्द केली. निर्मात्यांच्या दृष्टीनें या योजनेंत काटकसर होती. बारा ज्यूररांचें वेतन वांचलें, त्यांचें एकमत होईपर्यंत थांबण्याचें काम उरलें नाहीं आणि तासाभरांत गोष्ट आटोपतां आली. परंतु ती काटकसर कायद्याला धरून होती, आणि सामान्य प्रेक्षकास ठाऊकहि नसलेला न्यायव्यवहाराचा एक टप्पा त्यामुळें त्याच्यापुढें आला. साक्षीदाराची सरतपासणी आणि उलटतपासणी, सूचक प्रश्नांवरील हरकती, तज्ज्ञाची साक्ष घेण्यापूर्वीं त्याची पात्रता सिद्ध करणें, मुद्देमालावर खुणेचा क्रमांक घालणें, हा सर्व विधि येथें बऱ्याच काळजीनें पाळला जाई. प्रश्न गैरलागू आणि असंबद्ध आहे अशी बर्जरची ठराविक हरकत लोकांच्या थट्टेचा विषय झाली. पण ती त्या काळच्या न्यायालयांतील खरीखुरी भाषा होती.

इतकी काळजी घेऊनहि अनुभवी वकिलांचें समाधान झालें नाहीं, आणि त्यांचे आक्षेप तोलामोलाचे आहेत. पहिला आक्षेप असा कीं, प्राथमिक चौकशींत शहाणा वकील आपले पत्ते उघडे करीत नाहीं. सरकारचा पुरावा काय आहे तें तो ऐकून घेतो, साक्षीदारांस चार प्रश्न विचारून त्यांचें म्हणणें पक्कें करून ठेवतो आणि खरी झुंज पुढल्या न्यायालयासाठीं राखून ठेवतो. मेसन मात्र सर्व कांहीं पहिल्याच डावावर लावतो. दुसरा आक्षेप कबुलीविषयीं. शेवटल्या पांच मिनिटांत खरा खुनी साक्षीदाराच्या पिंजऱ्यांत, कधीं कधीं तर प्रेक्षकांच्या बांकावरून उठून, "होय, मींच मारलें!" असें ओरडतो. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ति कोणावरहि होऊं नये, अशी हमी अमेरिकन राज्यघटनेच्या पांचव्या दुरुस्तीनें प्रत्येकास दिलेली आहे. ज्याला दोन शब्द बोलून गप्प बसतां येतें तो मनुष्य भरल्या न्यायालयांत आपल्या गळ्याभोंवतीं दोर कां आंवळून घेईल? तिसरा आक्षेप बिचाऱ्या बर्जरविषयीं. कॅलिफोर्नियांत जिल्ह्याचा सरकारी वकील लोकांच्या मतांनीं निवडून येतो. प्रत्येक वेळीं चुकीच्या मनुष्यावर खटला भरणारा आणि प्रत्येक वेळीं हरणारा गृहस्थ नऊ वर्षें त्या जागीं टिकला कसा?

हे तिन्ही आक्षेप खरे आहेत. तरी त्यांवरून मालिकेस खोटी ठरविणें न्याय्य होणार नाहीं. काव्यांत असंभाव्य वाटणाऱ्या शक्य गोष्टीपेक्षां संभाव्य वाटणारी अशक्य गोष्ट बरी, असें ॲरिस्टॉटलनें फार पूर्वींच सांगून ठेविलें आहे. आपल्या संगीत नाटकांत नायक संकटाच्या ऐन घटकेस उभा राहून पद म्हणतो आणि त्याला दोन वेळां 'वन्स मोअर' मिळतो. तेवढ्यावरून तें नाटक खोटें, असें कोणी म्हणत नाहीं. तो रंगभूमीचा संकेत आहे. मेसनपुढें होणारी कबुलीहि तशीच. खुनी असा बोलत नाहीं हें घरीं बसलेल्या प्रेक्षकालाहि ठाऊक असतें. जो संकेत संकेत म्हणून ओळखूं येतो तो कोणाची फसवणूक करीत नाहीं.

फसवणूक होते ती जेथें संकेत ओळखूं येत नाहीं तेथें. मेसनच्या प्रत्येक खटल्यांत दोन प्रश्न एकत्र गुंफलेले असतात. आरोपीविरुद्धचा पुरावा निःसंशय आहे काय, हा एक. आणि खून कोणी केला, हा दुसरा. न्यायालयाचा प्रश्न पहिला, रहस्यकथेचा दुसरा. मेसन पहिल्या प्रश्नाचें उत्तर नेहमीं दुसऱ्याच्या द्वारें देतो. पुराव्यांतील छिद्रें दाखवून अशिलाला सोडवून आणणें त्याला साधारणतः पुरत नाहीं. खऱ्या अपराध्याचा हात धरून त्याला तो पुढें ओढतो. १९६३ सालच्या 'द केस ऑफ द डेडली व्हर्डिक्ट' या भागांत मेसनच्या अशिलास दोषी ठरवून मृत्युदंड सांगितलेला आरंभींच दाखविला आहे. मेसनची हार म्हणून त्या भागाचा मोठा बोलबाला झाला. परंतु तेथेंहि तासाअखेर खरा खुनी सांपडतोच आणि मगच अशिलाची सुटका होते! दर आठवड्यास एक, याप्रमाणें नऊ वर्षें हाच पाठ गिरविल्यावर प्रेक्षकाच्या मनावर काय ठसत असेल? निर्दोष मनुष्याच्या निर्दोषपणाची खूण म्हणजे दुसरा गुन्हेगार. ती खूण ज्याला दाखवितां येत नाहीं त्याच्याविषयीं मनांत शंका ठेवावी. पुरावा देण्याचा बोजा कायद्यानें फिर्यादीच्या शिरावर ठेवला. गोष्टीनें तो हळूच उचलून आरोपीच्या शिरावर ठेवून दिला.

विस्मयाची गोष्ट ही कीं, हें सर्व ज्याच्या लेखणीखालून गेलें त्या गार्डनरला वस्तुस्थिति कोणाहीपेक्षां अधिक ठाऊक होती. १९४३ सालीं कॅलिफोर्नियांत एका मुलीचा खून झाला. मरण्यापूर्वीं तिनें लाल केसांच्या एका मनुष्याचा उल्लेख केला होता. विल्यम लिंडली नांवाचा लाल केसांचा एक गरीब कामगार पकडला गेला आणि त्याला मृत्युदंड झाला. गार्डनरनें खटल्याचीं कागदपत्रें मागवून घेतलीं आणि त्या दिवशीं कोण कोणत्या वेळीं कोठें होता याचा ताळा मांडून पाहिला. साक्षींतल्या वेळा एकमेकींशीं जुळतच नव्हत्या. त्यानें अधिकाऱ्यांकडे धांव घेतली आणि अखेर राज्याचे गव्हर्नर अर्ल वॉरन यांनीं मृत्युदंडाऐवजीं जन्मठेप दिली. हेच वॉरन पुढें अमेरिकेचे सरन्यायाधीश झाले. या प्रकरणांत खरा अपराधी कोणी पिंजऱ्यांत उभा केला नव्हता. एका माणसाच्या कागदपत्रांच्या वाचनानें निर्माण झालेल्या संशयानें एक जीव वांचला, आणि तोहि अर्धामुर्धाच; कारण लिंडली तुरुंगांतच राहिला.

या अनुभवांतून १९४८ सालीं गार्डनरनें 'आर्गोसी' मासिकाचे प्रकाशक हॅरी स्टीगर यांच्या साहाय्यानें 'कोर्ट ऑफ लास्ट रिसॉर्ट' ही संस्था उभी केली. नांव न्यायालयाचें असलें तरी तिला अधिकार कसलाच नव्हता. न्यायवैद्यक जाणणारे डॉक्टर, अनुभवी गुप्तहेर, खोटें बोलणें ओळखण्याच्या यंत्राचे जाणकार अशीं कांहीं माणसें आपला वेळ देत. ज्यांना पैसा नाहीं आणि ज्यांचे सर्व कायदेशीर उपाय संपले आहेत अशा कैद्यांचीं प्रकरणें तपासून पाहत. आणि हाती लागलेली माहिती वाचकांपुढें ठेवून लोकमताचा दाब आणीत. वॉशिंग्टन राज्यांतील क्लॅरन्स बॉगी हा जन्मठेपेचा कैदी या खटपटींतून १९४८ च्या अखेरीस माफी मिळून सुटला. इतर प्रकरणांत मात्र कोठें महिनेच्या महिने गेले, कोठें निराशा पदरीं आली. साक्षीदार मेले होते, मुद्देमाल हरवला होता, आपली चूक कबूल करावयास अधिकारी तयार नव्हते. या कामावरील गार्डनरच्या पुस्तकास सत्य गुन्हेकथांसाठीं असलेलें एडगर पारितोषिक मिळालें. १९५७ च्या शरदृतूंत, पेरी मेसनचा आरंभ झाला त्याच सुमारास, या संस्थेच्या कार्यावरहि एक मालिका एन. बी. सी. वर सुरू झाली. ती एकच हंगाम चालली आणि बंद पडली. मेसन नऊ हंगाम चालला. एकाच मनुष्याच्या दोन अनुभवांपैकीं लोकांनीं कोणता उचलला हें यावरून उघड होतें. लोकांना दोष देण्यांत अर्थ नाहीं. दिवसभर राबून घरीं आलेल्या मनुष्यानें रात्रीं हरवलेल्या मुद्देमालाची आणि मेलेल्या साक्षीदारांची कहाणी कां पाहावी?

मालिकेच्या खऱ्या जीवनांतहि एक प्रसंग असा घडला कीं तो कोणी कल्पून लिहिला असता तर अतिशयोक्तीचा म्हणून टाकून दिला असता. १९६० सालीं सरकारी वकील बर्जरचें काम करणारा विल्यम टॉलमन हाच एका खासगी मेजवानीवर पडलेल्या पोलिसांच्या छाप्यांत सांपडला आणि त्याच्यावर आरोप ठेवण्यांत आला. खटल्याचा निकाल लागण्यापूर्वींच सी. बी. एस. नें त्याला कामावरून काढून टाकलें. पुढें न्यायाधीशांनीं पुराव्याअभावीं आरोप फेटाळला, तरीहि त्याला लगेच परत घेतलें नाहीं. गार्डनरनें त्याची बाजू घेतली, रेमंड बरनेंहि घेतली, प्रेक्षकांचीं पत्रें आलीं. आणि त्या वर्षाच्या अखेरीस टॉलमन आपल्या जागीं परत आला. निर्दोषपणाचें गृहीतक दर आठवड्यास लक्षावधि घरांत पोंचविणाऱ्या कंपनीला आपल्याच नटाच्या बाबतींत तें गृहीतक पाळतां आलें नाहीं! पुराव्याअभावीं सुटणें तिच्याहि लेखीं पुरें सुटणें नव्हतें.

याच काळांत फ्लॉरिडांतील एका खटल्यानें गोष्टींतलें आणि जगांतलें अंतर सर्व देशापुढें मांडलें. पनामा सिटी या गांवीं १९६१ सालीं क्लॅरन्स अर्ल गिडियन नांवाच्या निर्धन मनुष्यावर बिलियर्डच्या अड्ड्यांत घुसून किरकोळ पैसे आणि पेयें चोरल्याचा आरोप आला. त्यानें न्यायालयापाशीं वकील मागितला. मृत्युदंडाच्या गुन्ह्याखेरीज सरकारी खर्चानें वकील देण्याची त्या राज्यांत तरतूद नाहीं, असें उत्तर मिळालें. त्यानें आपली बाजू स्वतःच लढविली आणि त्याला पांच वर्षांची शिक्षा झाली. तुरुंगांतून त्यानें शिसपेन्सिलीनें सर्वोच्च न्यायालयाकडे अर्ज लिहिला. १८ मार्च १९६३ रोजीं त्या न्यायालयानें एकमतानें निर्णय दिला कीं, गंभीर गुन्ह्याच्या आरोपींत ज्याला ऐपत नाहीं त्याला राज्यानें वकील दिलाच पाहिजे. ऑगस्टमध्यें खटला पुन्हां चालला. या वेळीं गिडियनजवळ वकील होता. त्या वकिलानें गांवांत हिंडून माहिती काढली, मुख्य साक्षीदाराची कसून उलटतपासणी केली आणि त्याच्या सांगण्यावर विश्वास ठेवणें किती कठीण आहे तें ज्यूरीस दाखविलें. सुमारें एका तासांत ज्यूरीनें गिडियनला निर्दोष ठरविलें. त्या दिवशीं त्या न्यायालयांत कोणी उठून "मीं चोरी केली" असें म्हणालें नाहीं. म्हणण्याची गरजहि नव्हती. जो मनुष्य एकटा उभा राहिला तेव्हां दोषी ठरला होता तोच, त्याच आरोपाखालीं, वकील बरोबर असतांना निर्दोष ठरला. मेसनच्या २७१ भागांत यापेक्षां मोठें आश्चर्य नाहीं.

दूरचित्रवाणीला हें सत्य मांडतांच येत नव्हतें असें मात्र नव्हे. मेसनच्या तीन वर्षें आधीं, सप्टेंबर १९५४ मध्यें, याच सी. बी. एस. वर रेजिनाल्ड रोज यांचें 'ट्वेल्व्ह अँग्री मेन' हें नाटक प्रथम दाखविलें गेलें. १९५७ सालीं त्याचा चित्रपट झाला आणि १९८६ सालीं बासू चटर्जी यांनीं त्यावरून 'एक रुका हुआ फैसला' हा हिंदी चित्रपट काढला. तपशिलाच्या दृष्टीनें पाहिलें तर या नाटकांत मेसनपेक्षां मोठी कायदेशीर चूक आहे. एक ज्यूरर बाहेर जाऊन खुनांतल्यासारखीच सुरी विकत आणतो आणि चर्चेच्या खोलींत टेबलावर रोंवतो. न्यायालयापुढें न आलेला पुरावा ज्यूररानें स्वतः गोळा करणें निषिद्ध आहे. हें उघडकीस आलें असतें तर सारा खटलाच रद्द होऊं शकला असता. आणि तरीहि तें नाटक कायद्याला मेसनपेक्षां अधिक इमानदार आहे. कारण बारा माणसें शेवटीं त्या खोलींतून बाहेर पडतात तेव्हां खून कोणी केला हें त्यांना ठाऊक नसतें, आणि आपणांसहि नसतें. मुलानें केला नसेलच असेंहि कोणी छातीठोकपणें सांगत नाहीं. खात्री नाहीं, म्हणून शिक्षा नाहीं. येथेंच पडदा पडतो. पुढें याच रोजनें १९६१ ते १९६५ पर्यंत 'द डिफेंडर्स' ही मालिका चालविली. तींतले वकील बाप-लेक कधीं जिंकत, कधीं हरत; आणि कायदाच अन्यायी असेल तर वकिलानें काय करावें, असे प्रश्न ती विचारी. गर्भपाताच्या विषयावरील १९६२ सालच्या एका भागास नेहमींच्या जाहिरातदारांनीं आपलें साह्य नाकारलें, तरी तो दाखविला गेला.

म्हणून आमच्या मतें अशा कथांतील कायद्याच्या खरेपणाची परीक्षा दोन ठिकाणीं करावी लागते. हरकत योग्य शब्दांत घेतली काय, मुद्देमालावर क्रमांक घातला काय, ही झाली तपशिलाची परीक्षा. पुराव्याचा बोजा कोणावर आहे हें कथेच्या रचनेनेंच मान्य केलें आहे काय, ही झाली तत्त्वाची. पेरी मेसन पहिल्या परीक्षेंत उत्तम गुण मिळवितो आणि दुसरींत नापास होतो. 'ट्वेल्व्ह अँग्री मेन' पहिलींत अडखळतें आणि दुसरींत उत्तीर्ण होतें. टीकाकारांना पहिली परीक्षा सोपी वाटते, कारण तिला एखादा वकील हाताशीं असला म्हणजे पुरतें. परंतु प्रेक्षकाच्या मनांत घर करून राहतें तें दुसरें. साक्षीचे नियम तो चार दिवसांत विसरतो. कथेनें दिलेली न्यायाची कल्पना मात्र जन्मभर बाळगतो, आणि ज्या देशांत ज्यूरी आहे तेथें एके दिवशीं ती कल्पना घेऊनच ज्यूररच्या आसनावर जाऊन बसतो.

मेसनवर एकांगी निकाल देणें बरें नव्हे, म्हणून त्याच्या बाजूची एक साक्षहि येथें नोंदविली पाहिजे. २००९ सालीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयावर सोनिया सोटोमायर यांची नेमणूक होण्यापूर्वीं सेनेटच्या समितीपुढें त्यांची सुनावणी झाली, तेव्हां लहानपणीं पाहिलेल्या पेरी मेसनची आठवण त्यांनीं सांगितली. त्यांच्या मनावर ठसा उमटविला होता तो मेसनच्या विजयानें नव्हे, तर बर्जरच्या पराजयानें. हरलेला बर्जर एका भागांत असें सुचवितो कीं, अपराध्याला शिक्षा झाली म्हणजे जसा न्याय होतो तसाच निरपराध्यावरील आरोप मागे घेतला म्हणजेहि होतो. आणि सरकारी वकिलाचें काम न्याय करणें हें आहे. हें ऐकून आपणहि सरकारी वकील व्हावें असें त्या मुलीला वाटलें, आणि पुढें ती खरोखरच न्यूयॉर्कमध्यें सरकारी वकील झाली. ज्याच्या नित्य पराजयाची वकील मंडळींनीं थट्टा केली त्याच पात्राच्या तोंडीं मालिकेंतील अत्यंत खरें तत्त्व आलें होतें, आणि एका शाळकरी मुलीनें तें अचूक टिपलें.

शेवटला भाग दिसून तीनच आठवडे झाले होते, तोंच १३ जून १९६६ रोजीं मिरांडा खटल्याचा प्रसिद्ध निर्णय लागला. पोलिसांच्या ताब्यांतील मनुष्याला गप्प बसण्याचा आणि वकील मागण्याचा आपला हक्क आधीं सांगितलाच पाहिजे, नाहीं तर त्याचा जबाब पुराव्यांत घेतां येणार नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें ठरविलें; आणि तो निर्णय लिहिला सरन्यायाधीश अर्ल वॉरन यांनीं, ज्यांनीं गव्हर्नर असतांना लिंडलीचा फांस सोडविला होता. कबुलीवर उभी असलेली मालिका संपली आणि कबुलीकडे संशयानें पाहणारा कायदा आला. हा योगायोगच खरा. पण गार्डनरच्या कादंबरींत तो शोभून दिसला असता.

वर्तमानपत्रांतल्या त्या चार ओळींकडे आतां पुन्हां एकदां पाहावें. "मग खून केला कोणी?" हा प्रश्न विचारूं नये असें नाहीं. तो अवश्य विचारावा. परंतु तो पोलिसांना विचारावा, तपास करणाऱ्यांना विचारावा, मारल्या गेलेल्या मनुष्याच्या नातेवाईकांच्या वतीनें पुन्हां पुन्हां विचारावा. जो मनुष्य सुटून घरीं आला आहे, ज्याचीं कित्येक वर्षें कच्च्या कैदेंत गेलीं आहेत आणि ज्याच्या मुलांना शाळेंत खालीं मान घालून बसावें लागलें आहे, त्याला तो विचारूं नये. त्याच्यासाठीं कोणी पेरी मेसन आलेला नव्हता आणि न्यायालयांत उठून कोणी कबुलीहि दिली नव्हती. त्याच्या बाजूनें होता तो फक्त न्यायाधीशाच्या मनांतला संशय. कायदा म्हणतो तेवढा पुरे. त्याच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांनींहि तो पुरेसा मानला, म्हणजे मग तो खरोखर सुटला.